न रुजलेल्या बीजाची प्रतवारी

जी क्षमता अद्याप कोणत्याही कार्यातून पूर्णपणे प्रकट झालेली नाही, ती एखाद्याच्या ठिकाणी आहे असे कोणत्या अर्थाने म्हणता येते, हा भारतीय दर्शनांत शतकानुशतके चिकाटीने लढवला गेलेला प्रश्न आहे. आणि उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी हाच प्रश्न दरवर्षी व्यवहारात सोडवत असते. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांतील ३२ संघांची व्यावसायिक स्पर्धा, दर उन्हाळ्यात प्रामुख्याने अठरा वर्षांच्या आसपासच्या खेळाडूंची निवड करते. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात: संघ ठरलेल्या क्रमाने एकेका खेळाडूचे नाव घेतात, आणि ज्याचे नाव घेतले गेले त्याच्याशी करार करण्याचा अधिकार ठरावीक मुदतीपुरता त्या एकाच संघाकडे राहतो. सात फेऱ्यांत मिळून सव्वादोनशेच्या आसपास नावे घेतली जातात, आणि त्याआधीचे संपूर्ण वर्ष या मुलांना पहिला, सतरावा, नव्वदावा असे क्रमांक लावण्यात जाते. अशा क्रमांकात दोन दावे एकत्र बांधलेले असतात. पहिला दावा असा की मुलाची भावी क्षमता आजच त्याच्या ठिकाणी वास करते; दुसरा असा की निरनिराळ्या मुलांच्या क्षमता एकाच रेषेवर मांडून त्यांच्यातील कमीअधिक सांगता येते. या दोन्ही दाव्यांची परीक्षा करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

ड्राफ्टची संस्था ज्या व्यवस्थेच्या जागी आली ती अधिक अन्याय्य होती, हे आधीच नोंदवणे न्यायाचे होईल. पूर्वी व्यावसायिक संघ किशोर संघांना आश्रय देत आणि अल्पवयीन मुलांकडून, त्यांच्या पालकांच्या संमतीने, असे करार लिहून घेत की त्यांची पुढील व्यावसायिक कारकीर्द त्याच संघाला बांधली जाई; पुढे सर्वश्रेष्ठ बचावपटूंमध्ये गणला गेलेला बॉबी ऑर असाच चौदाव्या वर्षी बॉस्टनच्या संघाशी बांधला गेला होता. १९६३ साली माँट्रियल येथे पहिला ड्राफ्ट झाला, त्यात केवळ २१ नावे घेतली गेली, आणि पुढे आश्रयाची जुनी पद्धत संपुष्टात आल्यावर ड्राफ्ट हेच प्रवेशाचे मुख्य द्वार बनले. ज्या संघाची मागील हंगामातील कामगिरी निकृष्ट, त्याला आधी निवडण्याची संधी, असे त्याचे मूळ तत्त्व असून १९९५ पासून अगदी वरच्या क्रमांकांसाठी सोडतही काढली जाते. दुर्बळाला प्रथम संधी देणारी ही रचना संघांच्या दृष्टीने समतेची आहे. मुलांच्या दृष्टीने ती तशी आहे किंवा नाही, हे मात्र त्यांच्यावर लावलेल्या क्रमांकाच्या ज्ञानमूल्यावर अवलंबून राहते.

हे क्रमांक बेफिकिरीने लावले जात नाहीत. लीगने १९७५ मध्ये सेंट्रल स्काउटिंग नावाचा मध्यवर्ती विभाग स्थापन केला. त्याचे पारखी, ज्यांना या क्षेत्रात स्काउट म्हणतात, हंगामभर गावोगावच्या थंड बर्फगृहांत बसून खेळाडू पाहतात आणि हंगामाच्या मध्यास व अखेरीस याद्या प्रसिद्ध करतात. प्रत्येक संघाचे स्वतःचे स्काउट वेगळे असतात, आणि त्यांच्या याद्या गुप्त असतात. अखेरीस सुमारे शंभर निवडक मुलांना एका आठवड्यासाठी बोलावून त्यांची शारीरिक चाचणी घेतली जाते, जी गेली काही वर्षे बफेलो शहरात होते. स्थिर सायकलवर तीस सेकंद पूर्ण ताकदीने पायडल मारण्याची चाचणी, प्राणवायू वापरण्याच्या कमाल क्षमतेचे मापन, जागेवरून सरळ वर उडी, दांड्याला लटकून शरीर वर उचलणे, आणि त्याबरोबर संघांच्या अधिकाऱ्यांशी मुलाखती, असे तिचे स्वरूप असते. एक गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सेंट्रल स्काउटिंग एक यादी करत नाही, चार करते: उत्तर अमेरिकेत खेळणारे मैदानी खेळाडू, तेथील गोलरक्षक, उत्तर अमेरिकेबाहेर खेळणारे मैदानी खेळाडू, आणि तेथील गोलरक्षक. गोल अडवणाऱ्याची आणि गोल करणाऱ्याची, किंवा ओंटारियोतील किशोर स्पर्धेत समवयस्कांविरुद्ध खेळणाऱ्याची आणि स्वीडनमध्ये प्रौढांविरुद्ध मोजकीच मिनिटे खेळणाऱ्याची क्षमता एका मापाने मोजता येत नाही, ही कबुली त्या चार याद्यांच्या रचनेतच आहे. संघांना मात्र एका वेळी एकच नाव घ्यावयाचे असल्यामुळे या चार याद्या एकीत मिसळाव्याच लागतात. म्हणजे दुसरा दावा ज्ञानाच्या आधारावर उभा नसून निर्णयाच्या गरजेतून उत्पन्न झालेला आहे.

पहिल्या दाव्याकडे वळताना तो कोणत्या प्रमाणावर, म्हणजे ज्ञानाच्या कोणत्या साधनावर, आधारलेला आहे हे पाहावे लागते. स्काउटला जे प्रत्यक्ष दिसते ते आजचे खेळणे. भावी क्षमता त्याला दिसत नाही, तिचे तो अनुमान करतो. न्यायदर्शनाच्या मते अनुमान व्याप्तीवर, म्हणजे हेतू (ज्या खुणेवरून अनुमान करायचे ती) आणि साध्य (जे सिद्ध करायचे ते) यांच्या अबाधित साहचर्यावर, उभे असते, आणि ही व्याप्ती फसवी ठरते ती बहुधा उपाधीमुळे. उपाधी म्हणजे नजरेआड राहिलेली अट. जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणणारा मनुष्य ओल्या इंधनाची अट विसरतो, आणि म्हणून तापलेल्या लोहगोलकाजवळ त्याचे अनुमान मोडते. सतराव्या वर्षी ज्याने पुष्कळ गोल केले त्याची अंगभूत क्षमता मोठी, या अनुमानात असे ओले इंधन कोणते, याचे उत्तर बऱ्याच प्रमाणात उपलब्ध आहे. कॅनडातील बालहॉकीत वयोगट १ जानेवारीपासून मोजले जातात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. आठ-नऊ वर्षांच्या वयात हे अकरा महिन्यांचे अंतर उंची, वजन आणि समज या तिन्हींत मोठे असते, थोरला मुलगा निवडला जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि अधिक सराव मिळतो, आणि वयाचे अंतर निष्प्रभ झाल्यावरही सरावाचे अंतर उरते. रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हॉकीपटूंच्या जन्ममहिन्यांवरून ही गोष्ट दाखवून दिली. २०१३ मध्ये डीनर, लोवेन आणि कोब्ली या संशोधकांनी आणखी एक पाऊल पुढे टाकून असे दाखवले की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले कॅनेडियन खेळाडू त्यांच्या पुढील कामगिरीच्या मानाने ड्राफ्टमध्ये उशिरा निवडले गेले होते. ड्राफ्टची स्वतःची वयोमर्यादा १५ सप्टेंबर ही आहे, त्यामुळे एकाच यादीत शेजारी असलेल्या दोन नवख्या मुलांच्या वयात जवळजवळ वर्षाचे अंतर असू शकते. वाढीच्या वयातील एक वर्ष ही फार मोठी उपाधी आहे.

उपाधी ओळखून वजा करता येतात, असे यावर म्हणता येईल, आणि आकडेशास्त्री तसा प्रयत्नही करतात. निरनिराळ्या स्पर्धांतील गुण एका मापावर आणण्यासाठी ते गुणक वापरतात आणि वयाचाही हिशेब धरतात. हा प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु सर्व उपाधी वजा केल्यावर मागे जे उरेल ती शुद्ध अंगभूत क्षमता असेल, असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि मूळ तात्त्विक अडचण या गृहीतकातच आहे. तिची सर्वांत सखोल चर्चा कोठारातील बीजाच्या वादात झालेली आहे.

विक्रमशिला महाविहारातील बौद्ध आचार्य ज्ञानश्रीमित्र आणि त्यांचे शिष्य रत्नकीर्ती यांचा पक्ष असा होता की जे समर्थ आहे ते विलंब करत नाही. शेतातल्या बीजातून अंकुर फुटतो, कोठारातल्या बीजातून फुटत नाही. तर मग कोठारातले बीज अंकुराला समर्थ आहे असे म्हणण्याला आधार काय? अर्थक्रियाकारित्व, म्हणजे प्रत्यक्ष कार्य घडवणे, हेच त्यांच्या मते अस्तित्वाचे लक्षण असल्यामुळे, कार्य न घडवणारे सामर्थ्य ही केवळ बोलण्याची सोय ठरते, आणि कोठारातले बीज व शेतातले बीज या दोन भिन्न क्षणांच्या भिन्न वस्तू ठरतात. याला उत्तर दिले ते मिथिलेच्या नैयायिक उदयनाचार्यांनी, आपल्या आत्मतत्त्वविवेक या ग्रंथात. त्यांच्या मते बीज तेच असते आणि समर्थही असते. विलंब होतो तो सहकारी कारणांच्या, म्हणजे माती, पाणी, ऊब यांच्या अभावामुळे, आणि सहकाऱ्यांची वाट पाहणे हा असामर्थ्याचा पुरावा नव्हे. पुढे नव्यन्यायाने या उत्तराला नेमकी परिभाषा दिली: स्वरूपयोग्यता ही एक गोष्ट, आणि फलोपधायकता ही दुसरी. रानात पडलेली काठी कुंभाराचे चाक फिरवण्यास स्वरूपतः योग्य असते, परंतु फलोपधायक, म्हणजे प्रत्यक्ष फळाशी जोडलेली, होते ती कुंभाराच्या हाती आल्यावरच. आणि फळ ज्यातून निघते ती संपूर्ण सामग्री असते, तिच्यातील कोणताही एकटा घटक नसतो.

स्काउटची सगळी विद्या उदयनाचार्यांच्या पक्षावर उभी आहे, कारण न खेळलेल्या सामन्यांतील खेळ आजच्या मुलात पाहणे म्हणजे स्वरूपयोग्यता मानणेच होय. बौद्धांचा पक्ष पूर्णपणे स्वीकारला तर निवडीला काही अर्थच राहत नाही, आणि निवड सर्वस्वी निरर्थक नाही हे अनुभवाने दिसते: पहिल्या काही क्रमांकांवर निवडलेले खेळाडू एकूण पाहता शेवटच्या फेरीतील खेळाडूंपेक्षा कितीतरी अधिक यशस्वी होतात. म्हणून या वादात न्यायपक्ष अधिक ग्राह्य वाटतो. परंतु तो स्वीकारताना त्याचा उत्तरार्धही स्वीकारावा लागतो, आणि ड्राफ्टच्या याद्या तो सोडून देतात. स्वरूपयोग्यता मान्य केल्याने केवळ योग्य आणि अयोग्य यांच्यातील भेद सिद्ध होतो. योग्यांमध्ये सतरावा कोण आणि तेविसावा कोण हे सिद्ध होत नाही, कारण अंकुर किती जोमाने येईल हे सांगण्यासाठी जी माती लागते ती अजून ठरलेलीच नसते. कोणता संघ त्या मुलाला घेईल, तेथे प्रशिक्षक कोण असेल, त्याच्या जागेवर आधीपासून कोण खेळत असेल, यांपैकी एकही गोष्ट यादी लिहिताना ज्ञात नसते, आणि तरीही क्रमांक जणू सर्व माती सारखीच आहे अशा थाटात लावला जातो.

डॉमिनिक हाशेक याचे उदाहरण येथे फार बोलके आहे. चेकोस्लोव्हाकियातील हा गोलरक्षक १९८३ मध्ये १९९ व्या क्रमांकावर शिकागोच्या संघाने निवडला. तो अमेरिकेत पोहोचला १९९० मध्ये, मायदेशी नामांकित गोलरक्षक झाल्यानंतर. शिकागोत एड बेलफोर हा उत्तम गोलरक्षक असल्यामुळे हाशेक बहुतांशी राखीव राहिला. १९९२ मध्ये तो बफेलोला गेला, आणि १९९३-९४ च्या हंगामात तेथील अनुभवी गोलरक्षक ग्रँट फ्यूर जखमी झाल्यावर जाळ्यासमोरची जागा त्याला मिळाली. त्या हंगामापासून त्याने सहा वेळा सर्वोत्तम गोलरक्षकाचा आणि दोनदा संपूर्ण लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार मिळवला. शिकागोच्या बाकावरचा हाशेक आणि बफेलोच्या जाळ्यासमोरचा हाशेक भिन्न होते असे म्हणणे कठीण आहे. येथे उदयनाचार्य बरोबर ठरतात. पण शिकागोच्या बाकाकडे पाहून बफेलोतले यश वाचता आले असते असेही म्हणता येत नाही. दुसऱ्या टोकाला १९९३ मधील पहिल्या क्रमांकाचा अलेक्झांडर देग आहे. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला क्रिस प्राँगर २००० साली लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला; देग ६१६ सामने खेळला, म्हणजे सामान्य मापाने त्याची कारकीर्द सन्मान्यच होती, पण क्रमांकाने त्याच्याकडे जे मागितले होते त्याच्या तुलनेत ती अपयश म्हणून नोंदली गेली. हजारो मुलांना जे कधीच साधत नाही ते साधलेल्या मनुष्याला अपयशी म्हणण्याची पाळी यावी, हा त्या क्रमांकाचा दोष आहे, त्या मनुष्याचा नव्हे.

येथे एक अधिक गंभीर गोष्ट पुढे येते. यादी ही भविष्याचे केवळ वर्णन करून थांबत नाही, तर ती स्वतः सहकारी कारणांपैकी एक होऊन बसते. पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलावर संघाने मोठा अधिकार खर्च केलेला असतो, म्हणून त्याला अधिक मिनिटे, चांगले जोडीदार आणि अपयशानंतर पुन्हा पुन्हा संधी मिळते. सहाव्या फेरीतील मुलाला एक संधी मिळाली तरी पुष्कळ. मग पहिला यशस्वी झाला की यादी खरी ठरली असे मानले जाते. ज्याने पाणी घातले त्यानेच अंकुर पाहून आपल्या प्रतवारीची साक्ष काढावी, असे हे आहे. तर्कशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर साध्यच येथे हेतूच्या पोटात शिरलेले असते. यावरून क्रमांकाचे सर्व यश स्वनिर्मित आहे असे ठरत नाही, परंतु त्याचा किती भाग ज्ञानाचा आणि किती भाग पाण्याचा, हे वेगळे काढण्याचा मार्ग त्या व्यवस्थेने स्वतःच अरुंद करून ठेवला आहे, एवढे निश्चित. शिवाय निवडीचा क्रमांक हा केवळ क्षमतेविषयीच्या मताचा निदर्शक नसतो. १९८९ मध्ये सर्गेई फेदोरोव ७४ व्या क्रमांकापर्यंत उरला, कारण सोव्हिएत खेळाडू प्रत्यक्षात कधी येऊ शकेल याची कोणालाच खात्री नव्हती. १९९० मध्ये तो सोव्हिएत संघ सोडून डेट्रॉइटला आला आणि १९९४ मध्ये लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. त्या ७४ या आकड्यात एका साम्राज्याच्या सीमेचा अडसर गणलेला होता, आणि आकड्याकडे पाहून तो दिसत नाही.

बीजाच्या दृष्टान्ताला एक मर्यादा आहे, आणि नैतिक प्रश्न त्या मर्यादेपाशीच सुरू होतो. बीजाला आपली प्रत माहीत नसते. मुलाला आपला क्रमांक माहीत असतो. तो क्रमांक ऐकून कोणी उभारी धरतो, कोणी खचतो, आणि त्याचे हे ऐकणे फळाच्या कारणांत सामील होते. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे शरीररूप आश्रय, कर्ता, निरनिराळी करणे, म्हणजे साधने, नानाविध चेष्टा, म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव. बफेलोतील चाचणी अधिष्ठान मोजते, स्काउटची नजर करणे आणि काही अंशी चेष्टा टिपते, दैव कोणालाच मोजता येत नाही. आणि कर्ता, जो आपल्याविषयीच्या मतालाही प्रतिसाद देऊ शकतो, तो मापनाच्या बाहेर राहतो, कारण त्याने उद्या काय ठरवावे हे आज ठरलेले नाही. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा जो स्वतंत्र विचार केला, त्याचा रोख असाच आहे की कर्माची अभेद्य वाटणारी साखळी मान्य करूनही मनुष्याच्या प्रवृत्तिस्वातंत्र्याला जागा उरते. ती जागा मान्य केली तर अठराव्या वर्षीचा क्रमांक हे कर्त्याविषयीचे विधान ठरू शकत नाही. फार तर ते त्याच्या साधनांविषयीचे विधान ठरते.

सॅम बेनेट याची कारकीर्द या पाचही कारणांच्या प्रकाशात वाचण्यासारखी आहे. २०१४ मध्ये सेंट्रल स्काउटिंगने त्याला उत्तर अमेरिकेतील मैदानी खेळाडूंत पहिले स्थान दिले. शारीरिक चाचणीत त्याला दांड्याला लटकून शरीर एकदाही वर उचलता आले नाही, आणि त्याची वाच्यता सर्वत्र झाली. कॅलगरीने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. तेथे त्याची कामगिरी अपेक्षेच्या मानाने मर्यादित राहिली. २०२१ मध्ये तो फ्लोरिडाला गेला, आणि २०२५ मध्ये फ्लोरिडाने लीगच्या विजेतेपदाचा स्टॅन्ली चषक जिंकला तेव्हा बाद फेरीतील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याचाच गौरव झाला. यादीने त्याची योग्यता ओळखली होती, चाचणीने त्याच्या शरीराचे तत्कालीन अपुरेपण ओळखले होते, आणि दोन्ही निरीक्षणे अचूक होती. परंतु त्या दोहोंतून फ्लोरिडातील सामग्रीचा पत्ता लागत नव्हता.

निवड करणे अपरिहार्य आहे, आणि अपुऱ्या ज्ञानावर निर्णय घेणे यात स्वतःहून काही दोष नाही. मनुष्याचे बहुतेक निर्णय तसेच असतात. दोष येतो तो निर्णयाला ज्ञानाचा दर्जा दिल्याने, आणि त्या दर्जाच्या बळावर उरलेल्यांचे पाणी तोडल्याने. व्यावसायिक लीगमध्ये या दोषाला निदान काही उतारा आहे: ज्याचे नाव कोणीच घेतले नाही तो पुढे मुक्तपणे करार करू शकतो, आणि कोणत्याही ड्राफ्टमध्ये निवड न झालेला मार्टिन सँ लुई याच वाटेने आला, एका संघाने त्याला सोडून दिले, दुसऱ्याने घेतले, आणि २००४ मध्ये त्याच्या नावावर सर्वाधिक गुण, सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार आणि स्टॅन्ली चषक, असे तिन्ही मान एकाच हंगामात जमा झाले. शिवाय अठराव्या वर्षी मुलगा निदान कायद्याच्या दृष्टीने प्रौढ असतो, आणि त्याच्या खेळाची काही वर्षांची नोंद समोर असते.

कॅनडाच्या किशोर स्पर्धांतील ड्राफ्टविषयी असे म्हणता येत नाही. पश्चिम कॅनडातील वेस्टर्न हॉकी लीग ज्या वर्षी मुलाला पंधरावे पूर्ण होते त्याच वर्षी त्याची निवड करते, म्हणजे निवडीच्या दिवशी त्यांतील कित्येक मुले चौदाच वर्षांची असतात. इतर प्रांतांतील लीगा साधारण वर्षभर थांबतात. या वयात शरीरवाढीची उपाधी सर्वांत बलवान असते, नोंद सर्वांत तोकडी असते, क्रमांक ऐकणारे मन सर्वांत कोवळे असते, आणि नाव न आलेल्या मुलाला चांगल्या सरावाची व प्रशिक्षकाची वाट त्याच वेळी अरुंद होते. अठराव्या वर्षीच्या यादीच्या बाजूने जे थोडेबहुत समर्थन उभे करता येते, त्यातील एकही मुद्दा चौदाव्या वर्षीच्या यादीला लागू पडत नाही. त्या वयातील क्रमवार निवड बंद करावी आणि किशोर संघांतील प्रवेश किमान सोळाव्या वर्षापर्यंत खुला ठेवावा.